तलवारीची मूठ

(आकाशवाणीवरून प्रसारित झालेल्या भाषणाचे संपादित रूप)

१९८४ च्या पावसाळ्यात मी तीन महिने जपानमध्ये, ओसाकाला होतो. आमच्या कारखान्याने तिथून एक यंत्र विकत घेतलं होतं आणि ते चालवायला शिकून ये, म्हणून मला पाठवलं होतं. मला शिकवणारा कामगार पन्नाशीचा, अबोल गृहस्थ. त्याला इंग्रजी चार शब्द येत, मला जपानी तेवढीही नाही. पहिल्या दिवशी त्याने विचारलं, "कुठून आलात?" मी म्हटलं, "इंडिया." त्याबरोबर या शांत माणसाचे डोळे एकदम चमकले. कोपऱ्यातली छत्री त्याने उचलली, उलटी धरली, डोळे गरागरा फिरवले आणि छत्रीची मूठ माझ्या डोक्यात घातल्यासारखं करून ओरडला, "जेत्तो शिन!" आसपासचे चार-पाच कामगार पोट धरधरून हसू लागले.

मला काहीच कळेना. कोण हा जेत्तो शिन? संध्याकाळी दुभाष्याकडून उलगडा झाला. "टायगर जीत सिंग. आमच्याकडचा सर्वांत वाईट माणूस," तो म्हणाला. "म्हणजे गुन्हेगार?" "नाही, नाही. पैलवान. तुमचाच."

श्रोतेहो, मी कोल्हापूरचा. आमच्या घरात पैलवान हा शब्द देवाच्या खालोखाल. माझे थोरले चुलते, त्यांना आम्ही आबा म्हणायचो, तालमीत वस्ताद होते. लाल मातीत त्यांचा जन्म गेला. मी त्या दुभाष्याला म्हटलं, "आमचा पैलवान म्हणजे खाशाबा जाधव. १९५२ साली हेलसिंकीच्या ऑलिम्पिकमध्ये स्वतंत्र भारताचं पहिलं वैयक्तिक पदक त्याने आणलं. आणि त्याच वजनी गटात सोन्याचं पदक तुमच्या इशीने जिंकलं." त्याने ते कामगारांना सांगितलं. त्यांनी आदराने माना डोलावल्या, पण चेहऱ्यांवर ओळख दिसेना. खाशाबा त्यांना ठाऊक नव्हताच, त्यांचा स्वतःचा इशीही धूसर झाला होता. ठाऊक होता तो फक्त जेत्तो शिन. मला त्या रात्री फार राग आला. परदेशात आपल्या देशाचा चेहरा म्हणून काय पोहोचावं, तर तलवार घेऊन धावणारा एक वेडा फेटेवाला?

त्या रागापोटीच मी त्याची माहिती काढायला लागलो. आज तीच गोष्ट सांगायची आहे.

या माणसाचं खरं नाव जगजितसिंग हंस. जन्म १९४४ चा, पंजाबात लुधियाना जिल्ह्यातल्या सुजापूर गावचा. तरुणपणीच तो कॅनडात गेला. टोरांटोमध्ये त्याला फ्रेड अ‍ॅटकिन्स नावाचा न्यूझीलंडचा जुना, अत्यंत कडक मल्ल गुरू म्हणून भेटला. याच अ‍ॅटकिन्सने थोडं आधी जायंट बाबा या जपानी मल्लालाही अमेरिकेत घडवलं होतं, हे लक्षात ठेवा. १९६५ च्या सुमारास जगजित 'टायगर जीत सिंग' या नावाने आखाड्यात उतरला आणि टोरांटोच्या मेपल लीफ गार्डन्समध्ये मोठमोठ्या मल्लांसमोर उभा राहू लागला.

आता ही कुस्ती म्हणजे आपली निकाली कुस्ती नव्हे. व्यावसायिक फ्रीस्टाइल. तिच्यात कोण जिंकणार हे आधी ठरलेलं असतं. आपल्याकडे तिला नूरा कुस्ती म्हणून नाकं मुरडतात. पण नूरा कुस्तीत प्रेक्षकाला फसवायचं असतं, इथे त्याला गोष्ट सांगायची असते. गोष्ट म्हटली की नायक आला आणि नायक म्हटला की खलनायक आलाच. निळूभाऊ फुले पडद्यावर नुसते तिरके बघायचे, तर बायाबापड्या खरोखर शिव्या मोजायच्या. प्रत्यक्षातले निळूभाऊ सेवादलातले, साधे, सज्जन. त्या शिव्या हीच त्यांच्या कामाची पावती होती. फ्रीस्टाइलमधल्या खलनायकाचं गणित हेच असतं. तो जितका नावडता, तितकी तिकिटं जास्त.

गंमत अशी, की टोरांटोत जीत सिंग खलनायकच राहिला असं नाही. १९७१ च्या सुमारास तिथे 'द शेख' नावाचा एक दुष्ट मल्ल गाजत होता. सीरियाच्या वाळवंटातून आलेला म्हणून त्याची जाहिरात व्हायची. खरं तर तो एड फरहात, अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये जन्मलेला, लेबनानी कुटुंबातला. त्याच्यासमोर जीत सिंग उभा राहिला, तेव्हा लोक सिंगच्या बाजूचे होते. तोच माणूस, तोच फेटा, पण समोर कोण आहे यावर तो चांगला की वाईट हे ठरत होतं.

आता जपानकडे वळू. दुसऱ्या महायुद्धात हरलेल्या त्या देशाला व्यावसायिक कुस्तीने मोठा आधार दिला. १९५४ साली रिकिदोझान या मल्लाने शार्प बंधू नावाच्या धिप्पाड गोऱ्यांशी लढत दिली. घरोघरी दूरचित्रवाणी संच नव्हते. चौकाचौकांत संच ठेवले होते आणि त्यांच्यासमोर माणसांचे समुद्र उसळले होते. गोऱ्याला जपानी हाताचा तडाखा बसला, की हरलेल्या माणसांना थोडं बरं वाटायचं. हा जपानचा राष्ट्रपुरुष रिकिदोझान जन्माने कोरियन होता आणि त्याच्या हयातीत ही गोष्ट दडवून ठेवली गेली होती. मिशिगनचा शेख आणि कोरियाचा जपानी वीर! या रिंगणात देश हा सुद्धा अंगावर चढवायचा पोशाख होता.

जीत सिंगच्या आधीही भारतातले मल्ल तिथे गेले होते. १९५५ साली टायगर जोगिंदर सिंग आणि किंगकाँग यांच्या जोडीने तिथे आशियाई जोडीचं अजिंक्यपद जिंकलं होतं. किंगकाँग म्हणजे तोच, एमिल झाया, दारासिंगबरोबरच्या लढतींमुळे आपल्याकडे घराघरांत ठाऊक झालेला. पण ते आले, लढले आणि गेले. लोकांच्या मनात घर करून राहिला तो जीत सिंगच.

त्याला कारण बाजाराचं होतं. १९६३ मध्ये रिकिदोझान एका भांडणात भोसकला गेला आणि वारला. त्याचे दोन शिष्य, जायंट बाबा आणि अंतोनियो इनोकी, पुढे वेगळे झाले. १९७२ साली इनोकीने 'न्यू जपान' ही स्वतःची संस्था काढली आणि त्याच वर्षी बाबाने 'ऑल जपान'. अमेरिकेतल्या कुस्ती ठेकेदारांशी बाबाचे चांगले संबंध, त्यामुळे नावाजलेले परदेशी मल्ल सगळे त्याच्याकडे. इनोकीच्या हाती उरलं काय, तर अनोळखी माणसं. आणि नायक कितीही मोठा असला, तरी समोर खलनायक नसेल तर तो एकटाच हवेत हात फिरवणार.

मे १९७३. कावासाकीच्या क्रीडागृहात न्यू जपानचा एक साधासा सामना चालू आहे. प्रेक्षकांत फेटा बांधलेला, सूट घातलेला एक परदेशी बसलेला. अचानक तो उठतो, रिंगणात उडी मारतो आणि लढणाऱ्या जपानी मल्लाला बडवून काढतो. जाहिरातीत त्याचं नाव नाही, कार्यक्रमपत्रिकेत नाही. कोण आहे हा? दुसऱ्या दिवसापासून लोक हेच विचारू लागले. त्याच वसंतात न्यू जपानच्या लढती दूरचित्रवाणीवर दिसू लागल्या होत्या. पुढे दर शुक्रवारी रात्री आठ वाजता अख्खं जपान या माणसाची चीड करायला बसू लागलं. 'भारताचा पिसाळलेला वाघ' हे त्याचं तिकडचं नाव.

आणि मग ५ नोव्हेंबर १९७३ ची ती संध्याकाळ. टोकियोतला शिंजुकू भाग म्हणजे आपल्या दादरपेक्षा गजबजलेला. इसेतान या मोठ्या दुकानासमोर इनोकी आपल्या पत्नीसह, मित्सुको बाइशो या प्रसिद्ध अभिनेत्रीसह, खरेदीसाठी आला होता. भर रस्त्यात जीत सिंग साथीदारांसह त्याच्यावर तुटून पडला. इनोकी रक्तबंबाळ झाला. येणारे-जाणारे किंचाळले, कुणीतरी पोलिसांना बोलावलं.

इथे पोलिसांसमोर मोठा पेच पडला. त्यांनी संस्थेला विचारलं, हे खरं आहे की ठरवून केलेलं? खरं असेल तर सिंगला अटक करावी लागेल. ठरवून केलं असेल, तर विनापरवाना सार्वजनिक रस्ता अडवला म्हणून तुमच्यावर कारवाई करावी लागेल. बोला! संस्थेने ठरवून केल्याचं कबूल केलं नाही आणि इनोकीनेही सिंगविरुद्ध तक्रार दिली नाही. शेवटी कडक समज देऊन पोलिसांनी प्रकरण मिटवलं. पण दुसऱ्या दिवशी वर्तमानपत्रांतून ही बातमी देशभर गेली आणि त्या दोघांच्या लढतीला लोक जागा मिळेल तिथे बसू लागले.

सिंगच्या कामाची पद्धत मला त्या कामगाराने, माझ्या गुरूने, मोडक्यातोडक्या भाषेत समजावली. हातात लखलखती तलवार घेऊन तो प्रवेशद्वारातून येई आणि थेट प्रेक्षकांत घुसे. खुर्च्या उडत, लोक सैरावैरा पळत. पळतानाही हसत, कारण पळण्यासाठीच तर तिकीट काढलेलं! रिंगणात शिरला, की घंटा वाजायच्या आत प्रतिस्पर्ध्यावर हल्ला. पंचाने पाच मोजेपर्यंत नियमभंग चालतो, म्हणून चारवर सोडायचं आणि पुन्हा धरायचं. पुढे उमानोसुके उएदा नावाचा, केस पिवळे केलेला जपानी मल्ल त्याचा जोडीदार झाला, म्हणजे घरभेदीही मिळाला. आणि एवढं सगळं करून तलवारीच्या पात्याचा वार तो करीत नसे. तलवार उलटी धरून मूठच हाणायची. जपानी पोरं त्यावरून विनोद करीत, की एवढी तलवार आणतो तर पातं का वापरत नाही? माझ्या गुरूने छत्री उलटी का धरली होती, ते मला तेव्हा समजलं.

त्याहून महत्त्वाची गोष्ट त्याने पुढे सांगितली. २६ जून १९७४ रोजी ओसाकाच्या क्रीडागृहात तो स्वतः हजर होता. सहा दिवस आधी टोकियोत सिंगने इनोकीच्या तोंडावर आगीचा लोळ फेकला होता. आता इनोकी सूड घेणार, म्हणून क्रीडागृह गच्च भरलेलं. इनोकीने सिंगचा हात धरला आणि त्यावर असे घाव घातले, की हात मोडल्याचं जाहीर झालं. "आम्ही ओरडत होतो, मोड, मोड!" तो म्हणाला. "आणि मोडला तेव्हा सगळे गप्प झालो." नऊ महिन्यांनी, मार्च १९७५ मध्ये, हिरोशिमात सिंगने इनोकीला हरवून एनडब्ल्यूएफचं अजिंक्यपद घेतलं आणि जूनमध्ये इनोकीने ते परत मिळवलं.

मी गावी परतलो तेव्हा हे सगळं आबांना सांगितलं. फ्रीस्टाइलचं नाव काढलं की आबांचं कपाळ आठ्यांनी भरायचं. "समदी तमाशातली लढाई ती," ते म्हणायचे. मला वाटलं होतं, माझ्या रागात तेही भर घालतील. मी त्यांना कराचीची हकीगतही सांगितली. ती अशी, की डिसेंबर १९७६ मध्ये याच इनोकीची कराचीत अक्रम पैलवानाशी लढत झाली. हा अक्रम भोलू पैलवानाचा भाऊ, इमामबक्षाचा मुलगा आणि थोरल्या गामाचा पुतण्या. ती लढत ठरलेल्या वाटेने गेली नाही. दोघे खरेच भिडले, इनोकीने अक्रमच्या हाताला पेच घातला, अक्रम हार मानेना, आणि हात खरोखर निकामी झाल्यावर लढत थांबली.

गामाच्या घराण्याचं नाव ऐकून आबा सावरून बसले. बराच वेळ बोललेच नाहीत. मग म्हणाले, "म्हंजे त्यो जपानी हात मोडू शकत हुता."

"हो."

"आणि तुझ्या त्या सिंगानं त्याच्याच हातात हात दिला."

"हो, पण ते ठरवलेलं होतं, आबा."

"ठरीवलेलं हाय हे दोघांनाच म्हाईत. समोरच्यानं ऐनवेळी मोडला तर? आरं, हात मोडायला ताकद लागती. हात द्यायला समोरचा पारखावा लागतो."

आणि मग त्या रात्री आबांनी मला एक गोष्ट सांगितली, जी घरात कुणालाच ठाऊक नव्हती. तरुणपणी एका जत्रेच्या फडात ते पैसे घेऊन पडले होते. घरात आजारपण होतं, दुभती म्हैस विकून झाली होती. समोरच्याच्या पाठीराख्यांनी आदल्या रात्री पाकीट आणून दिलं. आबा चितपट झाले. गावच्या माणसांना संशय आला. मैदानातून बाहेर पडताना कुणीतरी त्यांच्या अंगावर माती फेकली. "लोकांनी शिव्या दिल्या त्याचं नव्हं वाईट वाटलं," आबा म्हणाले. "खोटं बोलून पडलो त्याचं वाटलं. त्यो सिंग तरी उघड वाईट म्हणून हुबा ऱ्हातो. शिव्या खातो, पैका घेतो, घरी जातो. त्यात चोरी न्हाई."

त्या दिवसानंतर माझा राग पूर्वीसारखा राहिला नाही. पूर्ण गेला असंही म्हणणार नाही. हजारो मैल दूरच्या मुलांनी 'भारतीय' म्हणजे डोळे फिरवणारा वेडा फेटेवाला, असं चित्र मनात घेऊन मोठं व्हावं, हे मला आजही खटकतं. फेटा हा कुणाच्या तरी श्रद्धेचा भाग आहे आणि तो भीतीचं सोंग म्हणून विकला गेला, ही गोष्ट लहान नाही. पण ती मागणी त्या बाजाराची होती. परक्या देशात पोटासाठी गेलेल्या माणसाला बहुधा आधीच ठरलेलं सोंग मिळतं. ते नाकारायचं, की असं वठवायचं की ते आपलं होऊन जावं, एवढीच निवड त्याच्या हाती उरते.

पुढची हकीगत थोडक्यात सांगतो. १९८१ साली सिंग इनोकीला सोडून बाबाच्या 'ऑल जपान'मध्ये गेला, म्हणजे अ‍ॅटकिन्सच्या एका शिष्याकडे दुसरा शिष्य. १९९० मध्ये तो परतला. त्याच वर्षी ३० सप्टेंबरला योकोहामात इनोकीच्या कारकिर्दीच्या तिसाव्या वर्षाचा सोहळा झाला. त्या दिवशीच्या जोडीच्या लढतीत इनोकीने आपला जोडीदार म्हणून उभं केलं ते जीत सिंगला. शिंजुकूच्या रस्त्यावर ज्याने रक्त काढलं, तोच सतरा वर्षांनी खांद्याला खांदा लावून उभा. १९९१ साली गानर्‍यूजिमा या बेटावर, जिथे मियामोतो मुसाशीचं प्रसिद्ध द्वंद्व झालं असं मानतात, तिथे सिंग हिरोशी हासे या तरुण मल्लाशी लढला. हा हासे पुढे जपानचा शिक्षणमंत्री झाला!

कॅनडात मात्र जगजितसिंग हंस हा टोरांटोजवळच्या मिल्टन गावचा प्रतिष्ठित नागरिक होता. २०१० साली तिथल्या एका सरकारी शाळेला त्याचं नाव दिलं गेलं. काही पालकांनी हरकत घेतली, की मारामाऱ्या करणाऱ्याचं नाव शाळेला कसं? पण नाव टिकलं. २०११ मध्ये जपानमध्ये भूकंप आणि त्सुनामीने हाहाकार उडाला, तेव्हा त्याने आणि त्याच्या मुलाने कॅनडातून मदत गोळा करून पाठवली. २०२२ च्या १ ऑक्टोबरला इनोकी वारला. आणि २०२४ साली जपान सरकारने या पिसाळलेल्या वाघाला उगवत्या सूर्याच्या नावाने दिला जाणारा सन्मान जाहीर केला. ज्या देशाने त्याला सर्वांत वाईट माणूस म्हटलं, त्याच देशाने.

आबा ही बातमी ऐकायला राहिले नाहीत. ओसाकाचा माझा गुरूही आज असेल की नाही, कोण जाणे. निघायच्या दिवशी तो मला स्टेशनवर सोडायला आला होता. पाऊस पडत होता. तीन महिन्यांत आम्ही एकमेकांशी शंभरेक शब्द बोललो असू. गाडी आली. तो जपानी रीतीप्रमाणे कंबरेत वाकला, मी हात जोडले. मी डब्यात चढलो आणि वळून बघतो तर तो फलाटावर भिजत उभा होता, छत्री मिटलेली, उलटी धरलेली. मीही माझी छत्री उलटी धरली, डोळे गरागरा फिरवले आणि जमेल तेवढ्या जोराने ओरडलो.

डब्यातले लोक दचकले. फलाटावर तो एकटा हसत होता.